गंजलेली पद्मिनी: दुरुस्त करायची, बदलायची की सोडून द्यायची?

(हा आपल्या एपिसोडचा मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे. ज्यांना एखादाच भाग हवा असेल त्यांच्यासाठी वेळा दिल्यात.)

००:०० सुरुवात

आजच्या एपिसोडचा विषय तुमच्यापैकी काहींच्या घरामागे, ताडपत्रीखाली उभा आहे. आजोबांची किंवा वडिलांची जुनी गाडी. चाकांतली हवा गेलेली, बोनेटवर पाला, दरवाज्याखाली तांबूस फुगे. घरात दोन पार्ट्या पडलेल्या असतात. एक म्हणते, "भंगारात द्या आणि जागा मोकळी करा." दुसरी म्हणते, "हात लावायचा नाही, बाबांची आठवण आहे." आणि मधे तुम्ही. वय बावीस-पंचवीस, हातात पहिली नोकरी, इन्स्टावर रिस्टोरेशनचे रील बघून डोक्यात किडा वळवळतोय.

प्रश्न साधा वाटतो: दुरुस्त करायची की बदलायची? पण उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी शोधलं जातं. इंजिन चालू होतं का, रंग किती उडालाय, सीट फाटल्यात का, यावर चर्चा होते. या सगळ्या गोष्टी बदलता येतात. निर्णय खरा ठरतो तो गंजावर, आणि तोही गंज *कुठे* आहे यावर. आज तेच नीट समजून घेऊ. उदाहरणाला एकच गाडी घेतो, आपली प्रीमियर पद्मिनी.

०१:२० पद्मिनीच का?

कारण ती आपल्या अंगणातली गाडी आहे. प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीचं ११०० हे मॉडेल बनायचं. १९७० च्या दशकात त्याच गाडीचं नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं. लोकांनी नाव काही बदललं नाही, ते 'फियाट'च म्हणत राहिले. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते, त्यामुळे काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

म्हणजे आज घरी असलेली सगळ्यात तरुण पद्मिनीसुद्धा वीस-पंचवीस वर्षांची आहे. तिचा पत्रा आजच्या गाड्यांसारखा जस्ताचा थर दिलेला नाही. त्यात आपली हवा: मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारं वारं.

०२:३० गंज म्हणजे नक्की काय?

शाळेतलं रसायनशास्त्र दोन मिनिटं. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज. मीठ मिसळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ही प्रक्रिया वेगाने होते. म्हणून समुद्राकाठची गाडी घाटावरच्या गाडीपेक्षा लवकर कुजते.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साईडचा थर येतो, पण तो धातूला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या भागाचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो भुसभुशीत असतो आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंग फुगतो, पोपडे निघतात, आणि आतलं ताजं लोखंड पुन्हा पाण्याला उघडं पडतं. थोडक्यात, गंज आपलं आपण थांबत नाही.

गंजाच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. पहिली, वरवरचा गंज: पॉलिश पेपर घासला की खाली चकचकीत पत्रा दिसतो. दुसरी, खड्डे पाडणारा गंज: घासलं तरी काळे ठिपके उरतात, पत्रा पातळ झालेला असतो. तिसरी, आरपार गंज: स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आत जातो. पहिल्या पायरीवर घासकाम आणि प्रायमर पुरतो. तिसऱ्या पायरीवर कुठलंही केमिकल चालत नाही, तिथला पत्रा कापून नवीन वेल्ड करावा लागतो. बाजारात मिळणारं रस्ट कन्व्हर्टर गंजाचं रूपांतर स्थिर थरात करतं, हे बरोबर आहे. पण जो पत्रा उरलाच नाही, तो बाटलीतून परत येत नाही.

०४:०० पत्रा हीच चेसी

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

जुनी महिंद्राची जीप डोळ्यासमोर आणा. खाली जाड लोखंडी चौकट, म्हणजे चेसी, आणि त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. बॉडी सडली तर उचलून बाजूला ठेवता येते. खालची चौकट शाबूत असेल तर गाडी शाबूत.

पद्मिनी तशी नाही. तिला वेगळी चेसीच नाही. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पोकळ पेट्या, खांब, छप्पर हे सगळं एकमेकांना वेल्ड करून जो डबा तयार होतो, तोच गाडीचा सांगाडा. याला मोनोकॉक म्हणतात. पुढचं सस्पेन्शन आणि मागचे पाटे याच पत्र्यावर बसवलेले आहेत.

म्हणून मडगार्डवर भोक पडलं तर गाडी वाईट दिसते. दरवाज्याखालच्या पेटीला, म्हणजे गॅरेजवाले ज्याला 'रनिंग बोर्ड' म्हणतात तिला, भोक पडलं तर गाडीचा कणा कमकुवत होतो. बाहेरून दोन्ही भोकं सारखीच दिसतात! पण पहिलं रंगाऱ्याचं काम आहे आणि दुसरं तुमच्या जिवाचं. या गाडीत एअरबॅग नाही. धक्का लागला तर मधे फक्त पत्रा आहे, आणि तोच सडलेला असेल तर मग काय उरलं?

म्हणून गंजाचे दोन ढीग करा. पहिला 'दिसण्याचा गंज': दरवाज्याचा बाहेरचा पत्रा, बोनेट, डिकीचं झाकण, मडगार्डची कड. दुसरा 'भार घेणारा गंज': दरवाज्याखालच्या पेट्या, फ्लोअरखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, जॅक लावायची जागा, बिजागरांचे खांब, पुढच्या सस्पेन्शनच्या आसपासचा भाग आणि मागचे पाटे जिथे टांगलेत त्या जागा. निर्णय दुसऱ्या ढिगावर घ्यायचा.

०५:५० अर्ध्या तासाची तपासणी

कुणाला पैसे देण्याआधी ही तपासणी स्वतः करा. सामान: एक लोहचुंबक, मऊ फडकं, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, मोबाईलची टॉर्च आणि जुने कपडे.

एक. चुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्यांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे आत पुट्टी भरलेली आहे. थोडी पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असते. वीतभर जागेत चुंबक चिकटतच नसेल, तर कुणीतरी भोकावर पुट्टी थापून रंग मारलाय.

दोन. आतल्या मॅट उचला. हे लोक करतच नाहीत. पुढच्या काचेचं रबर म्हातारं होतं, पाणी डॅशबोर्डमागून खाली येतं, मॅटखालचा नमदा ते धरून ठेवतो. फ्लोअर वरून, आतल्या बाजूने सडतो. खालून बघताना कोटिंग छान काळं दिसतं आणि वरचा पत्रा पापडासारखा झालेला असतो.

तीन. दरवाज्यांच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरणारं पाणी बाहेर जायला. ती चिखलाने बुजली की दरवाजा म्हणजे पाण्याची टाकी. भोकं मोकळी करा आणि काय बाहेर पडतं ते बघा. माती पडली तर ठीक. गंजाचे पापुद्रे पडले तर आतून काम सुरू झालंय.

चार. बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीत स्टेपनी ठेवायची जागा बघा. एकीकडे ॲसिड सांडतं, दुसरीकडे पाणी साचतं.

पाच, आणि ही सगळ्यात बोलकी चाचणी. गाडी सपाट जागेवर असताना चारही दरवाजे उघडून बंद करा. मग एका बाजूने जॅकवर थोडी उचला आणि त्या बाजूचे दरवाजे पुन्हा उघडा-बंद करा. आधी नीट लागणारा दरवाजा आता अडकत असेल किंवा फट वेडीवाकडी झाली असेल, तर सांगाड्यात ताकद उरलेली नाही. जॅकच पत्र्यात घुसायला लागला तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं. आणि हो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. स्टँड नसेल तर खाली जाणं रद्द.

प्रत्येक जागेचा फोटो काढा. कागदावर गाडीचा वरून दिसणारा आराखडा काढून लाल पेनाने भार घेणारा आणि निळ्या पेनाने दिसण्याचा गंज दाखवा. घरातल्या दोन्ही पार्ट्यांसमोर हा कागद ठेवला की भांडणाची चर्चा होते. अनुभव घेऊन बघा.

०८:१० मग निकाल काय?

निळं जास्त, लाल जवळजवळ नाही. दुरुस्त करा. ही भाग्यवान गाडी. इंजिन जाम असलं तरी घाबरू नका. टॅक्सीमुळे हजारो पद्मिनी कित्येक वर्षं धावल्या, त्यामुळे इंजिन, गिअर, ब्रेकचे भाग मुंबईत कुर्ल्यासारख्या बाजारात शोधले तर अजून सापडतात. बॉडीचे भाग मात्र मुश्किलीने मिळतात. म्हणून चांगला पत्रा म्हणजे सोनं.

लाल दोन-तीन ठिकाणी, बाकी पत्रा ठणठणीत. दुरुस्त होईल, पण डेंटर बघून. पातळ पत्र्यावर साधं आर्क वेल्डिंग केलं तर भोक मोठंच होतं. सीओटू वेल्डिंग येणारा, कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापणारा आणि आतून गंजरोधक मेण फवारणारा माणूस हवा. जुन्या पत्र्यावर नुसता नवा पत्रा ठोकून देणारा नको. आत ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. पेटी कापण्याआधी गाडीला खालून नीट आधार आणि दरवाज्यांच्या जागेत आडव्या कांबी लावतो का, तेही विचारा. नाहीतर सांगाडा वाकतो आणि मग दरवाजे आयुष्यभर लागत नाहीत.

दोन्ही बाजूंच्या पेट्या, फ्लोअर आणि पाट्यांच्या जागा, सगळीकडे लाल. इथे मन घट्ट करायचं. सांगाडाच नव्याने बनवायचा असेल, तर त्याच पैशात कमी गंजलेली दुसरी पद्मिनी घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. 'बदलायची' याचा अर्थ नवीन हॅचबॅकच घ्यायची असा नाही. कोरड्या हवेतली, म्हणजे सोलापूर, नगर, मराठवाडा भागात सावलीत उभी असलेली गाडी शोधा. इंजिन बंद असलं तरी चालेल, पत्रा चांगला हवा. आजोबांच्या गाडीचं स्टिअरिंग, घड्याळं, सीट, नावाची पट्टी तिच्यात बसवा. हे सगळं बोल्टने निघतं.

एक गोष्ट मात्र करू नका. आजोबांच्या गाडीची नंबर प्लेट आणि चेसी नंबर दुसऱ्या गाडीवर चढवायचा नाही. काही जण सहज सुचवतात, "तेवढा तुकडा कापून इकडे वेल्ड करू." चेसी नंबरशी छेडछाड म्हणजे चोरीच्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांचं काम. पोलिसांनी धरलं तर भावनेचं कारण चालणार नाही.

१०:२० चौथा मार्ग: नुसतं थांबवून ठेवणं

हा मार्ग कुणी सांगत नाही, पण आत्ता पैसे नसतील तर हाच बरोबर. गाडी दुरुस्त करायची नाही, टाकायचीही नाही. फक्त गंज पुढे जाऊ द्यायचा नाही.

माती-गवतावरून गाडी उचलून सिमेंटवर किंवा चिऱ्याच्या ओट्यावर घ्या. जमिनीतली ओल सतत वर येत असते. निळी ताडपत्री काढा. ती गाडीला लपेटली की आत वाफ धरते. वर पत्र्याची शेड आणि चारही बाजूंनी वारा, हे सगळ्यात चांगलं. मॅट आणि नमदे काढून टाका, बॅटरी काढा, टाकीतलं जुनं पेट्रोल गॅरेजवाल्याकडून काढून घ्या. पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. पोकळ पेट्यांमध्ये मेण फवारून घ्या. गंजावर थेट काळं कोटिंग मारू नका, त्याखाली गंज आरामात वाढतो.

या सगळ्याचा खर्च पूर्ण कामाच्या तुलनेत किरकोळ आहे. आणि तुम्हाला विचार करायला दोन-तीन वर्षं मिळतात.

११:२० पैशांचं गणित

आकडा सांगत नाही, कारण गावागणिक आणि डेंटरगणिक तो बदलतो. पण हिशोब कसा करायचा ते सांगतो.

कोटेशन एकगठ्ठा घेऊ नका. तीन भागांत मागा: पत्रा, मेकॅनिकल, रंग आणि आतलं काम. "सगळं मिळून एवढे" म्हणणाऱ्या माणसाने रंग डोळ्यासमोर ठेवलेला असतो, पत्रा नाही. पत्र्याच्या कामाचा आकडा रंग खरवडल्यावर पुन्हा मागा. कारण खरवडल्यावर गंज नेहमी जास्तच निघतो, कमी कधी निघत नाही. पत्र्यासाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवूनच काम सुरू करा. ती नसेल तर सुरू करू नका. अर्धवट उघडलेली गाडी ही गंजलेल्या गाडीपेक्षा वाईट. बोल्ट हरवतात, उघडा पत्रा आणखी सडतो, आणि विकायला गेलात तर कुणी घेत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. प्रायमर मारायच्या *आधी* स्वतः जाऊन प्रत्येक वेल्डचे फोटो काढा. प्रायमरनंतर चांगलं काम आणि वाईट काम सारखंच दिसतं.

आणि गुंतवणूक म्हणून हे करणार असाल तर विसरा. पद्मिनी हजारोंनी बनली. बहुतेक गाड्यांवर केलेला खर्च विकताना निघत नाही. हा खर्च हौसेचा किंवा आठवणीचा आहे. लग्नातल्या शालूसारखा. वसूल किती होईल हे बघून कुणी शालू घेत नाही, पण ऐपत बघून घेतो ना?

१२:५० कागदपत्रं, पत्र्याच्या आधी

पहिला पैसा खर्च करण्याआधी आरसी बुक काढा. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत पासिंग करून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारसाठी या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर झाला असेल तर दंडही.

गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावावर करायला लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. काका आणि आत्या सही करणार आहेत का, हे डेंटरकडे जाण्याआधी विचारा. गाडी चकाचक झाल्यावर सगळ्यांनाच आठवण येते.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. आणि अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. तेव्हा १९७० च्या दशकातली गाडी असेल तर दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकण्याआधी दहादा विचार करा.

आणि शेवटी द्यायचीच ठरली, तर नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं, नोंदणी रीतसर रद्द होते, नवीन गाडी घेताना सवलतीसाठी ते उपयोगी पडतं. नाहीतर गाडी कागदावर जिवंत राहते आणि उद्या तिच्या नंबरावर काही झालं तर पोलीस तुमच्या दारात.

१४:३० तुमचे दोन प्रश्न

*"रोज वापरायला पद्मिनी चालेल का?"* गावात, बाजारात, रविवारी फिरायला, आनंदाने. एक्स्प्रेस वेवर रोज, नको. ब्रेक त्या काळचे, सुरक्षेची साधनं नाहीत. रोजच्या प्रवासाला साधी सेकंडहँड नवी गाडी घ्या आणि पद्मिनीला तिचा मान द्या.

*"आजोबा ८१ वर्षांचे आहेत. गाडी पूर्ण नवी करून त्यांना सरप्राईज द्यायचंय. किती वेळ लागेल?"* मंडळी, या प्रश्नावर मी थांबलो. पूर्ण रिस्टोरेशनला वर्ष जातं, दोन वर्षंही जातात. डेंटर गावाला जातो, भाग मिळत नाही, पैसे संपतात. म्हणून या मित्राला सांगेन, क्रम उलटा कर. आधी भार घेणारा पत्रा, ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि कागदपत्रं. गाडी सुरक्षित झाली की रंगाची वाट बघू नकोस. दरवाज्यांवर प्रायमरचे ठिगळ असू देत. आजोबांना शेजारी बसव, जमत असेल तर चालवायलाच दे, आणि गावातून एक फेरी मार. त्यांना सरप्राईजपेक्षा सल्ला विचारलेला जास्त आवडेल. ही गाडी कुठे खडखडते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. रंग पुढच्या दिवाळीलाही मारता येईल.

१५:५० जाता जाता

या रविवारी एवढंच करा: चुंबक घ्या, मॅट उचला, लाल-निळा कागद तयार करा आणि आरसी बुक शोधा. खर्च शून्य. निर्णय त्यानंतर. आणि पावसाळा जवळ आला असेल तर सगळ्यात आधी ती निळी ताडपत्री काढा.

तुमच्या कागदावर काय निघालं ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या, हेल्मेट घाला, आणि गाडीखाली शिरण्याआधी स्टँड लावा!